राजगृहात उसवलेलं चीवर

आमच्या दिघ्याच्या विहारातली मंडळी म्हणाली, "काका, तुम्ही जाऊन आलात, तर लिहून द्या. जे गेले नाहीत त्यांना कळेल." मी म्हटलं, जे गेले नाहीत ते सुखात आहेत, त्यांना कशाला त्रास? पण ऐकेनात. मी चौथी पास. तीसुद्धा मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. तेव्हा शुद्धलेखन शोधणाऱ्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी पुण्य मिळवायला गेलो नव्हतो. पोस्टमन जातो तसा गेलो होतो. सामान एक, पत्ता एक. सामान म्हणजे चीवर, भिक्षू अंगावरून घेतात ते वस्त्र. पत्ता राजगृह. हल्ली त्याला राजगीर म्हणतात, बिहारात आहे. पाठवणारीण माझी बायको शांता. ती यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गेली.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या विहारात एक भंते वर्षावासाला राहिले होते. वर्षावास म्हणजे पावसाचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं. त्यांनी एकदा सांगितलं की भगवान बुद्ध राजगृहाहून निघाले असताना त्यांना मगध देशाची भातशेतं दिसली. चौकोनी खाचरं आणि मधून बांध. शिष्य आनंदाला म्हणाले, असं वस्त्र शिवता येईल का? आनंदानं शिवलं. तेव्हापासून चीवर अखंड कापडाचं नसतं. कापड कापायचं, तुकडे करायचे आणि खाचरासारखे जोडायचे. शांता अकोले तालुक्यातली, भाताच्या मुलखातली. घरी येऊन मला म्हणाली, "म्हंजे भंते आमच्या आबाचं शेत अंगावर घेऊन फिरतात की!" आणि ठरवलं. चीवर ती शिवणार आणि राजगृहातल्या भंतेंनी ते अंगावर घालायचं. नुसतं द्यायचं नाही, घालायचं. मी म्हटलं, "पोस्टानं पाठव." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दिवसभर लोकांचे ब्लाउज आणि संध्याकाळी चीवर. मांजरपाटाचं कापड, सात पट्टे, प्रत्येक शिवण दुमडून दोनदा मशीन मारलेली. शिवून झालं आणि अंथरुणाला लागली. पोटात गाठ निघाली. जायच्या आधी आठ-दहा दिवस म्हणाली, "रंगाचं तुमी बघा. सव्वीस वर्षं रंगातच तर होता."

होतो ना. महाप्याच्या रंगाच्या कंपनीत सव्वीस वर्षं. माझा घाम रंगीत, उशी रंगीत. आज प्लांटात कोणता रंग निघाला हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माझ्याकडं बघून कळायचं. पण मी ड्रम भरायचो. ड्रम भरायचा, झाकण ठोकायचं, पुढचा ड्रम. आयुष्यात एक धागा कधी रंगवला नाही. हे शांताला सांगायचं राहिलं, कारण बायकोपुढं आपण सगळे इंजिनीयर असतो.

ती गेल्यावर कंपनीतल्या एका जुन्या दोस्ताकडून नारिंगी रंगाची पुडी आणली. मोठं पातेलं चढवलं, चहासारखं उकळलं आणि त्यात चीवर घातलं. जो रंग आला तो असा की ठाणे-बेलापूर रोडवर नुसता हातात धरला तर ट्रक थांबावा. शांताची धाकटी बहीण कमल बघायला आली. म्हणाली, "दाजी, हे भंतेंना घालायचंय का जिथं रस्ता खणलाय तिथं लावायचंय?"

गया ते राजगीर

कल्याणहून गाडीत बसलो आणि गयेला उतरलो. मधलं सांगत नाही, कारण मधे वाघमारे मास्तर बोलत होते. हे आमच्या यात्रेचे पुढारी. आम्ही अकरा जण, त्यांच्याकडं बारा जणांना पुरेल इतकी माहिती. सोबत कमल होती. तिचा नवरा गुडघ्यामुळं आला नाही. तो म्हणाला, तू जा, दाजी कुठं भांडले तर सोडवायला कोणीतरी पाहिजे.

गयेहून बस. बसच्या आत जेवढी माणसं तेवढीच टपावर, आणि टपावरची जास्त आरामात. आमचं सामान वर बांधलं, त्यातच माझी कापडी पिशवी. दिवाळी जवळ आलेली, पावसाचं काही कारण नव्हतं. पण अर्ध्या वाटेत भुरभुर आली. पाच मिनिटं. तेवढ्यात खिडकीवरून नारिंगी ओघळ खाली यायला लागले. पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ पांढरं धोतर, पांढरा गमछा घालून, खिडकीवर कोपर टेकून झोपले होते. जागे झाले, हात बघितला, गमछा बघितला.

"अरे दादा, ई होली कहाँ से आ गई?"

सगळी बस हसली. कमल मला कोपरानं ढोसतेय, "बोलू नका, बोलू नका." मी कसला गप बसतो.

"मेरा है," म्हटलं. "कपडे का रंग है."

"रंग है तो कपड़े पर काहे नहीं है?"

हा प्रश्न सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणी विचारलाच नव्हता. मी माफी मागितली. ते म्हणाले, रहने दीजिए, घर में कहेंगे समधी के यहाँ गए थे. समधी म्हणजे व्याही, तिथं गेलं की रंग टाकतातच म्हणे. आणि स्वतःकडचं सत्तू दिलं. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, पाण्यात कालवून कांदा-मिरचीबरोबर खायचं. आमच्याकडं एखाद्याच्या धोतरावर रंग सांडला असता तर सोसायटीची मीटिंग लागली असती. इथं पीठ मिळालं.

मग पाऊस थांबला आणि दोन्हीकडं शेतं दिसायला लागली. भात पिवळा पडायला आलेला. खाचर, बांध, खाचर, बांध, पार डोंगरापर्यंत. मास्तर उभे राहून सांगायला लागले, "बघा, हीच ती शेतं…" मी म्हटलं, "मास्तर, खाली बसा, माणसाला दिसू द्या." माझ्या पिशवीत हेच होतं, घडी करून. मी बराच वेळ बाहेर बघत होतो.

राजगीर, पहिला दिवस

राजधानी म्हटल्यावर माणसाच्या काही अपेक्षा असतात. इथं टांगे आहेत, माकडं आहेत आणि पाच डोंगर आहेत. डोंगरांच्या मधल्या वाटीत अडीच हजार वर्षांपूर्वी मगधाची राजधानी होती. आता तिथं झाडी आहे. मास्तर जिथं बोट दाखवत तिथं झुडूप असे. "इथं महाल होता." झुडूप. "इथं बाजारपेठ होती." झुडूप, खाली बकरी. आमच्याकडं सिडकोनं सेक्टर पाडले, नकाशे केले, तीस वर्षं होत नाहीत तोवर गिलावा पडायला लागला. इथं निदान पडायला हजार वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र मानली. डोंगराच्या धारेवरून तटाची भिंत गेलीय. नुसते अवाढव्य दगड, मधे चुना नाही, माती नाही, आणि अजून उभी. मी हात लावून बघितलं. टांगेवाला म्हणाला, "बाबा, राजा लोग बनवाया." मी म्हटलं, "राजाने हुकूम दिया. बनवाया किसी और ने." तो हसला. "सो तो है. अभी भी वैसे ही है."

पुढं बिंबिसाराचा तुरुंग. म्हणजे जमिनीवर दगडांचा चौकोन. या राजानं बुद्धाला वेळूवन दान दिलं. भिक्षूंना राहायला मिळालेली ती पहिली जागा, तोवर बिचारे झाडाखाली, गुहेत, जिथं मिळेल तिथं. असा राजा म्हातारा झाला आणि त्याचाच पोरगा अजातशत्रू यानं त्याला कैदेत टाकून उपाशी मारला. तुरुंगातून त्याला गृध्रकूट डोंगर दिसायचा, तिथं बुद्ध येताना-जाताना दिसायचे. तेवढंच समाधान. मास्तरांनी हे फार गहिवरून सांगितलं. मी म्हटलं, "जागा ऐसपैस आहे. नेरूळला माझ्या पोरानं मला याच्या निम्मी बाल्कनी दिलीय, आणि समोर डोंगर नाही, पाण्याची टाकी आहे."

"दाजी!" कमल ओरडली. "पोरगा जेवायला घालतो तुमाला."

"घालतो की. म्हणून तर मी दिघ्याला राहतो."

संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. डोंगरातून कढत पाणी येतं, लोक त्याखाली बसतात. गुडघ्यांना बरं वाटतं हे खरं. पायरीवर एका पंड्यानं धरलं. नाव विचारलं, गाव विचारलं, मग गोत्र.

"गोत्र?"

म्हटलं, "महापे एमआयडीसी."

त्यानं वही उघडून विचारलं, "ई कौन सा ऋषि हुए?"

"चिमणीवाले," मी म्हटलं आणि अंघोळीला बसलो.

दुसरा दिवस

रत्नगिरी डोंगरावर पांढरा स्तूप आहे. वर जायला लोखंडी दोरावर लटकणाऱ्या खुर्च्या. एका खुर्चीत एक माणूस, आणि खुर्ची थांबत नाही. ती मागून येऊन गुडघ्यात मारते, तुम्ही पडता आणि त्याला बसणं म्हणतात. मी पडलो. खाली दरी, झाडी, पाय अधांतरी. डावी चप्पल हळूच निघाली आणि एका झाडात जाऊन बसली. उतरताना मी त्याच वाटेनं तिच्यावरून परत गेलो. चप्पल मजेत होती. उजवी ठेवून काय करणार? ती मी दुसऱ्या बाजूच्या झाडात टाकली. माकडांना जोड लागली तर लागली.

तेव्हापासून मी राजगीरमध्ये अनवाणी. त्यानंतर लोक मला वाट देऊ लागले.

दुपारी आम्ही एका मोठ्या विहारात गेलो. चीवरदानाचा महिना होता तो. वर्षावास संपला की पुढचा एक महिना लोक भिक्षूंना चीवर देतात. मास्तरांनी आधी कहाणी सांगितली, ती चांगली होती, म्हणून लिहितो. सुरुवातीला भिक्षू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून शिवून घालायचे. मग जीवक नावाचा राजवैद्य, इथलाच, राजगृहातला, त्याला कोण्या राजानं उंची वस्त्र दिलं होतं. ते त्यानं बुद्धांना दिलं आणि म्हणाला, भिक्षूंनी गृहस्थांनी दिलेलं वस्त्रही घ्यावं अशी परवानगी असू द्या. ती मिळाली. म्हणजे कापून शिवायची रीत इथली आणि लोकांनी द्यायची रीतही इथली. शांतानं पत्ता बरोबर निवडला होता. तिला जीवक माहीत नव्हता, तरी.

तिथले भंते तरुण, चष्म्याचे, घाईत. रांगेत आमचा नंबर आला. मी गुडघे टेकून चीवर दोन हातांवर ठेवलं. त्यांनी हात लावला, आशीर्वाद म्हटला, छान म्हटला. मग एका सेवकानं ते उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. दार उघडं होतं. आत भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, आणि त्यांत प्लास्टिकच्या पिशव्यांतली तयार चीवरं छतापर्यंत. दुकानात शर्ट ठेवतात तशी. सेवकानं शांताचं चीवर सगळ्यात वर फेकलं. रंग बघून त्यानं हात पँटीला पुसला.

मी विचारलं, "पहनेगा कौन?"

भंते म्हणाले, "जिसको आवश्यकता होगी."

"इतना सब में किसको आवश्यकता होगी?"

ते हसले. "दान देने के बाद दान की चिंता नहीं करते, बाबाजी."

बोलणं बरोबर असेल. मी काही शिकलेला नाही. मी उठलो, त्या खोलीत गेलो, स्टुलावर चढलो आणि चीवर खाली घेतलं. मागून आमच्या अकरा जणांतल्या दहांच्या तोंडून एकच आवाज निघाला.

वाघमारे मास्तर पांढरे पडले. "अहो काका! संघाला दिलेलं दान परत घेतात का कोणी?"

"मी घेतो."

बाहेर आल्यावर कमलनं मला झाडाखाली धरलं. ती रडत होती आणि शिव्या देत होती, दोन्ही एकदम. "लाज आणलीत! ताई असती तर—"

"ताईनं सांगितलं होतं अंगावर घालायचं. मांडणीवर नाही."

"मग काय गळ्यात बांधणार आता कोणाच्या? दिघ्याला परत नेणार? तुमाला ते द्यायचंच नाय, दाजी. मला दिसतंय ते. एवढं लांब आणलंत, पन सोडायचं नाय तुमाला."

शहाण्या बाईला आपण उत्तर देत नाही, ती आणखी शहाणी होते.

तो टांगेवाला बाहेर उभाच होता. त्यानं सगळं ऐकलं असावं. म्हणाला, वेळूवनाच्या पलीकडं शेतांच्या कडेला एक लहान विहार आहे, पाच भंते असतात, थोरले त्रिपुराकडचे, चकमा नावाच्या बौद्ध जमातीचे आहेत. गरीब जागा आहे, पण माणसं बघून बोलतात. मास्तर मंडळी घेऊन नालंद्याकडं निघणार होते, तीन दिवसांसाठी. मला म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा." आग्रह म्हणण्यासारखा नव्हता. कमल माझ्याबरोबर राहिली.

शेताकडचा विहार

मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पुढं विहीर. थोरले भंते सत्तरीचे, बारीक, चेहऱ्यावर सुरकुत्याच सुरकुत्या. त्यांचं चीवर गडद तपकिरी, गुळासारखं. माझे पाय बघून म्हणाले, "आप नंगे पाँव तीर्थ करते हैं?"

"नहीं. चप्पल झाड पे है."

त्यांनी मान हलवली, जणू हे रोजचंच.

मी चीवर दिलं नाही. समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, मांडणीपर्यंत. त्यांनी ते उचललं आणि रंग बघायच्या आधी उलटं केलं. शिवणीवरून बोट फिरवत गेले, एक, दोन, सात पट्टे मोजले, कोपरे तपासले. खूप वेळ लावला. आमच्याकडं गिऱ्हाईक ब्लाउज असा बघायचं तेव्हा शांताचा श्वास अडकायचा. माझा अडकला.

"सिलाई किसने किया?"

"मेरी बायको ने."

"बहुत अच्छा. नाप ठीक, खंड ठीक. हमारे लोग भी ऐसा नहीं करते." मग सुलटं केलं. "रंग आपने किया?"

"हाँ."

"दिखता है."

कमल पदर तोंडाला लावून हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

भंते म्हणाले, हा रंग चालणार नाही, पण त्याचं काही नाही, रंग उतरवता येतो. आम्ही फणसाच्या लाकडाचा भुसा उकळून रंगवतो, उद्या या. मी विचारलं, मग तुम्ही घालाल? ते म्हणाले, "मेरा पुराना फट गया है. पहनूँगा."

त्या रात्री मी इथं आल्यापासून पहिल्यांदा नीट जेवलो. लिट्टी-चोखा. लिट्टी म्हणजे शेणीच्या आरात भाजलेला, सत्तू भरलेला कणकेचा गोळा, चोखा म्हणजे वांग्याचं भरीत. कमलनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढली. शांताच्या हातची असती तर, असं ती म्हणाली नाही, मीही म्हणालो नाही. चटणीत मीठ जास्त होतं, ते मात्र मी म्हणालो.

तिसरा दिवस

अंगणात चुलाण पेटवलं होतं. एका कढईत नुसतं पाणी, दुसरीत फणसाचा भुसा. पहिल्या पाण्यात चीवर घातलं आणि माझी सव्वीस वर्षं बाहेर आली. पाणी नारिंगी. ओतलं, नवीन घेतलं. पुन्हा नारिंगी. विहारामागचा चर असा वाहायला लागला जसा आमच्या कंपनीमागचा नाला. पाचव्या पाण्याला कापड जवळजवळ पांढरं झालं. मग फणसाच्या कढईत. दुपारपर्यंत उकळलं, काढलं, गवतावर पसरलं.

कापड सुरेख झालं होतं. मधाच्या रंगाचं. आणि त्यावर सगळीकडं, उभ्या-आडव्या, जिथं जिथं शिवण होती तिथं तिथं, भडक नारिंगी रेघा. एकन् एक टाका दिसत होता. पिकलेल्या शेतात बांधाबांधाला दिवे लावावेत तसं.

मी गवतावर बसून दोरा नखानं घासला. रंग निघेना.

कमल वाकून बघत म्हणाली, "दाजी, ताईनं पॉलिस्टरचा दोरा वापरलाय. ब्लाउजचा. तुटत नाय म्हनून."

तेव्हा मला कळलं. आमच्या ड्रमांवर लिहिलेलं असायचं, फक्त पॉलिस्टरसाठी. रोज ठोकलेल्या झाकणावर. सव्वीस वर्षं नजरेखालून गेलं, डोक्यात शिरलं नाही. सुती कापडावर तो रंग नुसता बसला होता, धरला नव्हता. धरला होता तो फक्त तिच्या टाक्यांनी. आता फणस त्याला हात लावणार नव्हता, उकळतं पाणीही नाही.

मी भंतेंकडं बघितलं. मला वाटलं, ते हसतील आणि म्हणतील, चालेल. शहाण्या म्हाताऱ्यानं असंच म्हणायचं असतं.

ते म्हणाले, "ऐसे नहीं पहन सकते."

"क्यों?"

"शोभा हो गया. भिक्षु का कपड़ा देखने के लिए नहीं होता. लोग पूछेगा, यह किसका काम है, कितना सुंदर है." मग सरळ सांगितलं. "दो रास्ता. सिलाई खोलो, सूती धागा से हम फिर सिएँगे, मैं पहनूँगा. नहीं तो आप घर ले जाओ. घर में रखने के लिए बहुत अच्छा है."

आणि उठून गेले. ना समजावणं, ना उपदेश. माणसाला असं एकटं सोडणं बरं नव्हे, मी आजही म्हणतो.

घरी न्यायचं. कपाटात ठेवायचं. मनात आलं की काढून बघायचं, हा टाका तिचा, हा टाका तिचा. दिघ्याच्या खोलीत तिचं काय उरलंय? मशीन पोरानं नेलं, साड्या बहिणींनी. हे एवढंच. मी तिथं बसून दोन्ही बाजूंनी विचार केला, म्हणजे एकाच बाजूनं दोनदा. घरी न्यायचं.

कमल शेजारी येऊन बसली. मला वाटलं आता सुरू होणार. ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, दाजी. मी काय बोलनार नाय." आणि खरंच बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि ते घेऊन घरी आलो असतो. ती गप्प बसली म्हणून सगळा घोळ झाला. कारण मग मला शांता ऐकू आली. द्यायचं नाही, घालायचं.

मी म्हटलं, "ब्लेड आहे का?"

तिच्या पिशवीत होतं. बहीणही शिवणारीच.

उसवायला बसलो. शांताची शिवण सोपी नव्हती. दर शिवण दुमडलेली, दोनदा मशीन, टोकाला उलटे टाके. पहिली वीत उसवायला अर्धा तास. माझे हात ड्रम ठोकणारे, ब्लेड दोनदा बोटात गेलं. कमल म्हणाली, "कापड फाडू नका." मी म्हटलं, "फाडत नाही, तुझी बहीणच सोडत नाही." दुमड उघडली की आत कापड कोरं निघायचं. तिथं ना माझा रंग पोचला होता ना फणसाचा. पांढरं मांजरपाट, तिनं कापलं होतं तेव्हासारखं. आणि खडूच्या बारीक खुणा. तिला लिहिता येत नव्हतं, ती मापाला ठिपके करायची. मी ते काही वेळ बघत बसलो. मग पुढचा टाका.

अंधार पडेपर्यंत सातही पट्टे आणि त्यांतले तुकडे सुटे झाले. नारिंगी दोऱ्याचा गुंता मांडीभर. कमलनं तो उचलून पिशवीत टाकला. मी विचारलं, "काय करणार त्याचं?"

"तुमाला काय करायचंय?" ती म्हणाली.

चौथा दिवस

सकाळी पट्टे परत फणसात बुडवले, म्हणजे आतलं पांढरंही रंगलं आणि मधाचा रंग गुळासारखा गडद झाला. वाळले तसे पाचही भंते शिवायला बसले. थोरल्यांनी पहिली सुई ओवली. आमच्याकडं सामाजिक काम निघालं की थोरला आधी खुर्ची शोधतो. इथं रीत अशी की चीवर शिवायचं असलं तर थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी बसायचं, मी मोठा, मला काम आहे, असं चालत नाही. कमललाही सुई दिली. मला दिली नाही. माझी कीर्ती पोचली होती. मी दोरे ओवून देत होतो. डोळे अधू, दर वेळी दोऱ्याचं टोक चाटायचं, भंते वाट बघायचे. कोणी चिडलं नाही. घरी एव्हाना दोघांनी अबोला धरला असता.

मी वाकून बघितलं. जिथं जुनी भोकं दिसत होती तिथं थोरले भंते त्यांतूनच सुई घालत होते. नव्या जागी नाही. मी विचारलं, मुद्दाम का? ते म्हणाले, "नाप ठीक है. फिर क्यों बदलना?"

तिन्हीसांजेला झालं. रीतीप्रमाणं त्यांनी कोपऱ्यात काजळीचा एक ठिपका लावला. नव्या चीवराला डाग लावूनच वापरायचं म्हणे. परवा लावला असता तर मी कढई उपडी केली असती. आता म्हटलं, "और कहीं लगाना है तो लगाओ." मग मी ते दोन हातांवर घेतलं, गुडघे टेकले आणि दिलं. हात रिकामे झाल्यावर ते कुठं ठेवायचे कळेना. कमलनं त्यांत पाण्याचा तांब्या दिला.

पाचवा दिवस

सकाळी भंते भिक्षेला निघतात ते शेतातून. मास्तरांची मंडळी परतायची होती, आम्ही पहाटेच विहाराजवळच्या बांधावर जाऊन उभे राहिलो. कमलनं आदल्या रात्री माझ्यासाठी रबरी चप्पल घेतली होती. बायकी होती, गुलाबी पट्ट्याची, पण पायात गेली. धुकं होतं. आम्ही पोचेपर्यंत ते निघून गेले होते. लांब, भाताच्या मधून, एकामागं एक, पाच जण. पाचही तपकिरी, पाचही उघड्या डोक्याचे. बांधावरून चालताना कमरेपर्यंत भातात.

मी डोळ्यांवर हात धरला. "दुसरा," म्हटलं. "ते बघ, चालण्यावरून."

"काय तरीच. तिसरा तो."

"तिसरा उंच आहे."

"बांध उंच हाय तिथं, दाजी. तिसराच."

"तुझा चष्मा कुठाय?"

"तुमाला चष्मा असून दिसत नाय, मला कशाला विचारता?"

आम्ही भांडत राहिलो. वळणावर ते डावीकडं गेले आणि रांग फिरली, मग कोण दुसरा, कोण तिसरा, काही राहिलं नाही. पाच चीवरं होती, सारखी. त्यांतलं शांताचं कोणतं ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.